पोयाइसचा डॉलर: नोट वाचायची कशी

पोयाइस नावाचा देश कधीच नव्हता. त्याची नोट मात्र खरोखर छापली गेली, आणि लोकांनी घामाचे पौंड मोजून ती घेतली. मध्य अमेरिकेतल्या मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाकडून १८२० मध्ये ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश माणसाने सुमारे ८० लाख एकर जमिनीची सनद मिळवली. हा प्रदेश आजच्या होंडुरासमध्ये येतो. सनद जमिनीची होती, राज्याची नव्हती. तरी लंडनला परतून त्याने स्वतःला तिथला 'कॅझिक', म्हणजे अधिपती, म्हणवून घेतलं आणि त्या 'देशा'ची नोट छापून घेतली.

या नोटेबद्दल बोलताना बहुतेक जण तिच्या देखणेपणावर थांबतात. छपाई बँक ऑफ स्कॉटलंडच्या अधिकृत मुद्रकाची होती, त्यामुळे ती अस्सल नोटेसारखी दिसणारच. पाहायचं ते मजकुराकडे. वचन असं आहे: मागताक्षणी, किंवा नोट दाखवल्यापासून तीन महिन्यांनी, पोयाइस सरकारच्या मर्जीप्रमाणे, धारकाला 'येथील' बँकेच्या कचेरीत एक हार्ड डॉलर दिला जाईल.

आपल्याकडच्या हुंडीच्या भाषेत हे चटकन कळतं. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. इथे एकाच कागदावर दोन्ही, आणि निवड देणेकऱ्याच्या हातात! म्हणजे व्यवहारात ही मुदतीचीच नोट. अठराव्या शतकात काही स्कॉटिश बँका असंच कलम छापत: मागताक्षणी पैसे, नाहीतर सहा महिन्यांनी व्याजासह. अशा नोटा बट्ट्याने, म्हणजे छापील किमतीपेक्षा कमी भावाने, जाऊ लागल्या आणि १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने ते कलम बंद केलं. पोयाइसच्या नोटेवर ते पुन्हा आलं.

'हार्ड डॉलर' म्हणजे चांदीचा स्पॅनिश डॉलर, आठ रियालचं नाणं. वजन सुमारे २७ ग्रॅम, त्यात जवळजवळ नव्वद टक्के चांदी. ते द्यायला तिजोरीत चांदी हवी, आणि 'येथील' म्हणजे सेंट जोसेफ या राजधानीत कचेरी हवी. राजधानीच नव्हती. सरकार नसल्यामुळे त्या नोटेत कर भरून घेणारं कोणी नव्हतं, की ती घेऊन पीठ-मीठ देणारा दुकानदारही नव्हता. चांदी नसलेली नोटसुद्धा कराच्या जोरावर चालू शकते. इथे तोही आधार नव्हता.

१८२२ च्या ऑक्टोबरात याच 'देशा'च्या नावाने लंडनमध्ये दोन लाख पौंडांचं कर्ज उभं करायला काढलं. १०० पौंडांचा रोखा ८० पौंडांना, व्याज सहा टक्के. ८० पौंडांवर वर्षाला ६ पौंड म्हणजे खरा दर साडेसात पडतो. त्याआधी सप्टेंबरमध्ये लंडनहून सुमारे ७० वसाहतकऱ्यांना घेऊन जहाज सुटलं, त्यावर या डॉलरांनी भरलेली पेटी होती. १८२३ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातून दुसरं जहाज गेलं, त्यावर दोनशेच्या आसपास माणसं. उतरल्यावर समोर जंगल, मग पावसाळा आणि ताप. एकूण अडीचशेच्या आसपास माणसांपैकी सुमारे १८० दगावले; ब्रिटनला परतलेले पन्नासही नव्हते. हा आकडा बाजूला ठेवून या नोटेच्या सौंदर्याबद्दल बोलणं मला पटत नाही.

संग्रहासाठी घ्यायची असेल तर दहापट भिंग जवळ ठेवा. ताम्रपटाच्या, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून होणाऱ्या, छपाईत रेषा धातूत उलट्या कोरतात, खाचांत शाई भरून वरचा पत्रा पुसून काढतात आणि ओलसर कागद दाबयंत्रातून काढतात. त्यामुळे शाई कागदावर किंचित उठून येते आणि रेषा सलग दिसते. नोट तिरप्या उजेडात धरा, तो उठाव दिसेल. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची प्रत. किनारी नेमक्या कातरलेल्या असतील तर पत्र्याच्या कडेचा दाब, म्हणजे छापताना त्या कडेने कागदावर उमटणारी खूण, निघून गेलेला असू शकतो, तेवढ्यावरून खोटी ठरवू नका. आणि सही-तारखेच्या जागा कोऱ्या दिसल्या तर बिचकू नका: त्या हाताने भरायच्या असत, आणि न भरलेल्या नोटाही बाजारात येतात.