गळती थांबली आणि क्रॅश सुरू झाले

कागदपत्रं उघडून पानं वाचणारी आमची एक जुनी सी++ लायब्ररी आहे. पायथनवाल्यांना ती वापरता यावी म्हणून स्विग या साधनाने तिचं रॅपर, म्हणजे पायथनमधून तिला हाक मारणारं आवरण, बनवलेलं. स्विग तसं १९९५ पासूनचं. डेव्हिड बीझ्लीने लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत लिहिलेलं. फंक्शनांची यादी असलेली हेडर फाइल दाखवली की मधला सगळा जोडकोड ते स्वतः लिहून देतं. तो जोडकोड वाचायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

मेमरी वाढत जाते, वापरून झालेली मोकळी होत नाही (म्हणजे गळती), अशी तक्रार बरेच दिवस होती. एका सहकाऱ्याने कारण शोधलं: 'लोड' फंक्शन नवं डॉक्युमेंट बनवून त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत करतं, पण ते आता पायथनच्या मालकीचं झालं हे स्विगला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने स्विगला सूचना देणाऱ्या इंटरफेस फाइलमध्ये तसं सांगणारी '%न्यूऑब्जेक्ट'ची ओळ टाकली. गळती बंद. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सेगफॉल्टच्या, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्राम कोसळल्याच्या, तक्रारी.

बदल मागे घ्या, असं लगेच सुचवलं गेलं. मला ते पटेना, कारण ती ओळ बरोबरच होती.

क्रॅश होणाऱ्या स्क्रिप्टांमध्ये एक साम्य दिसलं. डॉक्युमेंट आधी व्हेरिएबलमध्ये ठेवून मग पान मागितलं की सगळं सुरळीत. लोड करून त्याच ओळीत पान मागितलं, की कधी चालायचं, कधी कोसळायचं. मेमरीच्या चुका पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर लावल्यावर उलगडा झाला. डॉक्युमेंटकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, म्हणून पायथनने ओळ संपताच ते मोडीत काढलं. पान मात्र त्याच्या पोटातलं, तेही सोबत गेलं. हातात उरला नुसता पत्ता. ती जागा दुसऱ्या कुणी घेईपर्यंत जुनीच अक्षरं तिथे दिसायची, म्हणून 'कधी चालायचं'. आधी काहीच मोकळं होत नसल्यामुळे ही चूक गळतीखाली झाकली गेली होती.

स्विगला तरी दोष काय द्यायचा? डॉक्युमेंट देणारं आणि पान देणारं, हेडरमध्ये दोन्ही फंक्शनं सारखीच दिसतात, दोन्ही पॉइंटर परत करतात. मालक कोण, हे हेडरमधली ती ओळ वाचून कळत नाही.

रॅपरमध्ये आपला पायथन कोड जोडू देणारं स्विगचं 'पायथनअपेंड' वापरून प्रत्येक पानाला त्याच्या डॉक्युमेंटचा संदर्भ चिकटवला. पान जिवंत, तोवर डॉक्युमेंट जिवंत. (रॅपर स्विगच्या 'बिल्टइन' पर्यायाने बनवलं असतं तर ही सोय नसती.) मग पॉइंटर देणारी बाकीची फंक्शनं काढून बसलो. फॉन्ट, चित्रं, तळटीपा, सगळीकडे तेच. एका ओळीतलं ते लिखाण आता टेस्टमध्ये आहे आणि सॅनिटायझर लावूनच चालवतो; नाहीतर बिघडलेलं असतानाही ते बहुतेक वेळा पास होतं.