डबा परत आला

रविवार, २ नोव्हेंबर

आज जवळजवळ सगळ्या कॅनडानं घड्याळं तासभर मागं घेतली. आम्ही नाही घेतली. सास्काचेवान या आमच्या प्रांतात ही भानगड १९६६ च्या कायद्यानंच मिटवून टाकली आहे, आमच्याकडं बारा महिने एकच वेळ. सकाळी टोरांटोहून मामेबहिणीचा फोन आला. "कालपर्यंत मी तुझ्या दोन तास पुढं होते, आजपासून एकच. बसल्या जागी जवळ आलो बघ आपण!"

लातूरचं आणि आमचं अंतर मात्र कायम साडेअकरा तासांचं. आईनं त्यावर स्वतःची युक्ती काढलीय. भिंतीवरचं घड्याळ बघायचं, काटा मनातल्या मनात अर्धा तास पुढं सरकवायचा आणि दिवसाची रात्र करायची. तिच्याकडं सकाळचे साडेसात म्हणजे माझ्याकडं आदल्या रात्रीचे आठ. टोरांटोजवळ मिसिसागाला होतो तेव्हा वर्षातून दोनदा हा हिशेब मोडायचा आणि ती आठवडाभर मला भलत्या वेळी उठवायची. इथं आल्यापासून चुकली नाही. मूस जॉ, म्हणजे आमचं हे गाव, तिला आवडायचं हे एकमेव कारण आहे.

शुक्रवारी हॅलोविन झालं, काल डबा परत आला, आज तुळशीचं लग्न लावलं. डब्याचंच लिहायला बसले होते, पण हॅलोविनशिवाय ते कळणार नाही.

आधी गल्लीचं. तीन वर्षांपूर्वी हे घर बघायला आलो तेव्हा एजंट बाई दर दोन वाक्यांनी 'फॅमिली-फ्रेंडली' म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, म्हणजे बाकीच्या वस्त्यांत काय कुटुंबाला धरून मारतात? पण अर्थ हळूहळू कळला. शाळा चालत सात मिनिटांवर. कोपऱ्यावर घसरगुंडी आणि झोके. रस्ता मुद्दाम वाकवलेला, म्हणजे ज्याला इथंच यायचंय तोच वळतो, बाहेरची गाडी फिरकत नाही. अशा रस्त्याला 'क्रेसेंट' म्हणतात, चंद्रकोर. नाव छान आहे, पण पत्ता शोधताना पाहुणा त्याच चंद्रकोरीवरून दोनदा फिरतो.

वस्तीचं नाव पॅलिसर हाइट्स. हाइट कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही. आमच्या लातूरच्या औसा रोडला याच्यापेक्षा जास्त चढ असेल. पॅलिसर नावाचा एक साहेब १८५७ ते १८६० अशी तीन वर्षं या मुलखात पाहणी करत हिंडला आणि इथला दक्षिणेकडचा कोरडा त्रिकोण शेतीच्या कामाचा नाही, असं लिहून गेला. त्याच त्रिकोणात आज गावाबाहेर पडलं की मसुराची शेतं लागतात. अण्णा लातूरला दाळ मिलमध्ये हिशेब लिहायचे. तूर आणि हरभरा हेच मुख्य, पण कधी मसूरही यायचा आणि पोत्यावर 'कॅनडा' असायचं. आम्ही इथं घर घेतलं म्हणल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मसूर पिकतो तेच का हे?" हो म्हणल्यावर त्यांची काळजी निम्मी झाली. जिथं दाळ पिकते तिथं माणसं बरी असणार, असं काहीतरी असावं त्यांच्या डोक्यात. गावाच्या नावाचं मात्र त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. शेजारीपाजारी विचारतात, पोरगी कुठं असते, तर 'कॅनडात' म्हणून थांबतात. मूस म्हणजे हरणाच्या जातीतला तो मोठा प्राणी आणि जॉ म्हणजे जबडा, हे सांगताना त्यांना अवघडल्यासारखं होतं.

गाव केवढं, तर २०२१ च्या जनगणनेत ३३,६६५. लातूरचा दहावा हिस्सासुद्धा नाही. रेजायना शहर सत्तर किलोमीटरवर, नवरा रोज जाऊन येऊन करतो. गाडीच्या बॉनेटमधून विजेची पिन लोंबते. अण्णांनी व्हिडिओवर बघितली आणि विचारलं, "बॅटरीची गाडी घेतली की काय?" नाही हो अण्णा, इंजिन थंडीनं गोठू नये म्हणून रात्री त्याला शेक द्यायचा असतो. बाळंतिणीसारखं.

तर हॅलोविन. पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात ती संध्याकाळ. या गल्लीत वर्षभरात आमच्या दाराची घंटा किती वेळा वाजते ते मी मोजलंय. कुरिअरवाला सोडला तर चार. आणि हॅलोविनच्या एका संध्याकाळी एकसष्ट. (यंदाचा आकडा. चॉकलेटं मोजून ठेवली होती.) इथं प्रत्येक जण हसून हात करतो, कुत्र्यासकट थांबून हवापाण्याचं बोलतो, पण कुणी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही. आमच्या लातूरच्या गल्लीत दार उघडंच असायचं आणि साखर मागायला आलेली बाई तासभर उंबऱ्यात बसून दुसऱ्या बाईबद्दल बोलायची. मला त्याचा तेव्हा फार वैताग यायचा. अजूनही मला ते सगळंच्या सगळं परत नकोय. उंबऱ्यात बसलेली बाई तेवढी पाहिजे, आणि तिनं माझ्याबद्दल दुसरीकडं बोलू नये.

हॅलोविनचे कपडे इथं एक-दोन माप मोठेच घ्यावे लागतात, कारण परी असो की भूत, आतून जाड जाकीट घालावंच लागतं. त्यामुळं सगळ्या पऱ्या गुबगुबीत दिसतात. माझी सात वर्षांची लेक यंदा मूस झाली होती. गावाच्या वेशीवर 'मॅक' नावाचा मूसचा पुतळा आहे, १९८४ पासून उभा, जगात सगळ्यात उंच. २०१५ मध्ये नॉर्वेवाल्यांनी त्याच्याहून तीस सेंटिमीटर उंच, चकचकीत मूस उभा केला. गावानं ते मनाला लावून घेतलं आणि २०१९ मध्ये मॅकला नवी, मोठी शिंगं बसवून पहिला नंबर परत मिळवला. उंची वाढवायला पाय लांब करत बसण्यापेक्षा शिंगं बदलली, ही मला अगदी आपल्याकडची अक्कल वाटते. लेकीला ही गोष्ट तोंडपाठ आहे. तिची पुठ्ठ्याची शिंगं इतकी रुंद झाली की तिला प्रत्येक दारात तिरकं उभं राहावं लागलं. पाचव्या घरापर्यंत एक शिंग लोंबायला लागलं. शेजारच्या आजोबांनी गॅरेजमधून चिकटपट्टी आणून तिथल्या तिथं बसवून दिलं.

या आजोबांना मी काय हाक मारावी हे मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. लेक सरळ नावानं हाक मारते. त्यांनाही तेच हवंय. माझ्या तोंडून सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं नुसतं नाव निघत नाही. मग मी 'हॅलो' म्हणते आणि हसते. आमच्या कुंपणावरून त्यांचं क्रॅबॲपलचं झाड आत आलंय, बोराएवढी आंबट सफरचंदं पडतात आणि लेक ती मीठ लावून खाते. कुणी कुणाला काही म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत मी पाच घरांत फराळ दिला होता. चिवड्यात शेंगदाणे नाहीत, काजू नाहीत, म्हणजे जीव काढून घेतलेला चिवडा. इथं शेंगदाण्याची ॲलर्जी हा फार गंभीर मामला आहे. शाळेतून पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी आली होती आणि लेकीच्या डब्यातली शेंगाची चटणी त्या दिवसापासून बंद झाली. आजोबांचा रेजायनाचा नातूही त्यातलाच. तर प्लास्टिकचे डबे संपले होते म्हणून त्यांना मी आईचा स्टीलचा डबा दिला. चार दिवसांनी तो आमच्या पायरीवर. लख्ख घासलेला, कोरडा, रिकामा. आणि टपालपेटीत आभाराचं कार्ड! शेजारच्या घरातला माणूस पंधरा पावलं चालत येतो, पेटीत कार्ड टाकतो, पायरीवर डबा ठेवतो आणि घंटा न वाजवता परत जातो. मी आईला सांगायला नको होतं. "रिकामा?" ती म्हणाली. पुढं काहीच बोलली नाही, म्हणजे फारच बोलली. रिकामं भांडं परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिला कधी कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. जानेवारीत उणे अडतीस असताना तो रेजायनालाच अडकला होता आणि सकाळी सहाला बाहेर स्नोब्लोअरचा, म्हणजे बर्फ उडवायच्या यंत्राचा आवाज. आजोबा आपलं अंगण करून आमच्या पायरीपर्यंत वाट करून गेले. मी पडद्याआडून बघत होते. दार उघडून काही बोलावं, तर ते पुढच्या घराला लागलेसुद्धा. हिवाळाभर हे चाललं. आम्ही लवकर उठलो तर त्यांचं आम्ही करायचो, ते उठले तर आमचं ते. नवरा म्हणतो, तोच डबा भरून आला असं समज. मला नाही पटत. बर्फ काही चाखून बघता येत नाही.

यंदा परत तोच डबा दिला. मुद्दाम.

काल दुपारी घंटा वाजली. (पाचवी.) मी दार उघडलं तर आजोबा काचेच्या बाहेरच्या दाराआड उभे. इथं दाराला दार असतं, थंडीसाठी. मी "आत या, आत या" म्हणतेय, ते काचेपलीकडून मान हलवतायत, घरातली ऊब बाहेर जाईल म्हणून. शेवटी लेकीनंच दार ढकललं आणि त्यांना बाहीला धरून आत घेतलं. बूट काढायला ते एवढेसे वाकले तर गुडघा कटकन वाजला. मी म्हटलं, राहू द्या, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच चूक बोलले. बूट घालून आत येणारा माणूस या गावात कुणी नसतो.

डब्यात जेलीची बरणी होती. त्याच झाडाच्या क्रॅबॲपलची, उजेडात धरली की माणकासारखी लाल. डबा रिकामा देऊ नये वगैरे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. जेली केली होती, डबा परत द्यायचा होता, बरणी त्यात मावली. पण मी खोदून विचारलं नाही. त्यांनीच डबा उलटा करून विचारलं, हा नंबर कसला? बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव घातलंय, खाली १९८९. आईच्या लग्नात तिच्या मावशीनं दिलेला डबा. गेलं वर्षभर ते कंपनीचा नंबर समजत होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी बोट फिरवत एकेक ठिपका चाचपला, आडव्या रेघेवर थांबले आणि विचारलं की ही वरची रेघ नावात धरायची की नाही. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

दहा मिनिटं बसले. चहा नको म्हणाले. गेले.

आज तुळशीचं लग्न. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत, आमच्याच मापाची, सहा पानांची. ऊस नाही, तर हॅलोविनच्या सजावटीतल्या मक्याच्या धाटांचा मांडव केला. अंतरपाट म्हणून लेकीचा रुमाल. संध्याकाळी सातला आईला फोन लावला, तिकडं सोमवारची पहाटेची साडेसहा. मंगलाष्टकं तिनंच म्हटली, मधेच विचारलं, "पोरगी डोक्याला काय बांधलीय गं?" शिंगं होती. लेकीच्या मते मूस नवरदेवाकडचा होता.

अक्षता टाकताना खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या दिव्याखाली एक ससा बसलेला. इथले ससे हिवाळ्याआधी पांढरे होतात, दिवस लहान होत गेला की रंग बदलतो, बर्फाची वाट बघत नाहीत. बर्फ अजून टिकलेला नाही, त्यामुळं हा अर्धा पांढरा ससा वाळल्या तपकिरी गवतावर लांबूनही दिसतो आणि आपण कुणाला दिसत नाही अशा समजुतीत बसून राहतो.

फोन ठेवता ठेवता जेलीचं सांगितलं. आई खूश. मग लगेच, "बरणी काचेची हाय का?"

"हो."

"मग ती परत द्यावी लागंल की."

लागेल. झाकणावर तारीख लिहिलीय त्यांनी, म्हणजे बरण्या ते जपत असणार. शेंगाची चटणी चालणार नाही. लिंबाचं लोणचं तिखट होईल. मुरंबा करावा तर इथला आंबा कसला. मसुराच्या दाळीचं काही होतं का, विचारलं तर आई म्हणाली, अण्णांना विचारून सांगते.