अंधार सांभाळणारी पेटी

क्ष-किरणांच्या इतिहासाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे हटकून येतो तो एक हात. विल्हेल्म राँटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे पत्नी ॲना बेर्टा यांच्या हाताचे घेतलेले ते चित्र, आणि त्यातल्या बोटाच्या हाडाभोवती अधांतरी तरंगणारी ती अंगठी! संग्रहालयांनी त्या चित्राचा मान राखावा हे योग्यच आहे. माझे मन मात्र अशा संग्रहांतल्या, क्ष-किरणांची फिल्म ठेवायच्या जुन्या कॅसेटींपाशी अधिक रेंगाळते. कडा झिजलेल्या, खिट्या सैल झालेल्या या चपट्या पेट्यांत पाहण्यासारखे काही नाही असे वाटते, आणि ते साहजिकच आहे, कारण उजेडाला आत येऊ न देणे हेच त्यांचे काम होते.

सुरुवातीला कॅसेट नव्हतीच. चित्र उमटवणारा लेप दिलेली काचेची प्लेट काळ्या कागदात गुंडाळून शरीराखाली ठेवत. आलेले बहुतेक किरण त्या प्लेटमधून आरपार निघून जात आणि चित्र उमटायला अतोनात वेळ लागे. बेर्टाबाईंना हात सुमारे १५ मिनिटे निश्चल ठेवावा लागला होता. हात तरी टेबलावर टेकवता येतो. छातीचे चित्र घ्यायचे तर श्वास किती वेळ रोखणार? यावर १८९६ सालीच उपाय सापडला. न्यूयॉर्कमध्ये भौतिकशास्त्रज्ञ मायकल प्युपिन यांनी किरण पडताच चमकणारा पडदा प्लेटला लावून पाहिला, आणि त्याच वर्षी एडिसन यांना कॅल्शियम टंगस्टेट हा त्यासाठी उत्तम पदार्थ असल्याचे आढळले. क्ष-किरणांपेक्षा या पडद्याच्या निळसर उजेडानेच चित्र अधिक उमटू लागले.

कॅसेटीचे खरे मर्म इथे आहे. पडदा आणि फिल्म यांच्यात किंचितही फट राहिली तर चित्र धूसर होते, म्हणून आत दाब देणारी लोकरी नमद्याची गादी आणि मागे घट्ट बसणाऱ्या खिट्या हव्यात. किरण आत शिरावेत म्हणून पुढची बाजू पातळ ॲल्युमिनियमची किंवा बेकेलाइटची हवी, तर मागून विखुरलेले किरण परतू नयेत म्हणून पाठीला शिशाचा पत्रा हवा. बाहेरचा प्रकाश रोखायचा आणि आतल्या अंधारात नवा प्रकाश निर्माण करायचा, अशी दुहेरी जबाबदारी या साध्या दिसणाऱ्या पेटीने बिनबोभाट पेलली.

फिल्मची कहाणी अधिक वादळी आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियमहून येणारी काच अडली आणि वजनदार, सहज फुटणाऱ्या प्लेटींना पर्याय शोधणे भाग पडले. ईस्टमन कोडॅकने १९१८ मध्ये दोन्ही बाजूंना लेप असलेली फिल्म आणली, त्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना एकेक पडदा लावता येऊ लागला. पण या फिल्मचा आधार सेल्युलोज नायट्रेट होता, म्हणजे बंदुकीचा कापूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्फोटकाचा जवळचा नातेवाईक. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या फिल्म पेटल्या आणि १२३ माणसे गेली. त्यांतली बहुतेक आगीने नव्हे, तर जळत्या फिल्ममधून निघालेल्या विषारी वायूंनी. सुरक्षित ॲसिटेट फिल्म तोवर बाजारात आलेली होती, हे वाचताना अधिकच खिन्न वाटते. उरलेल्या नायट्रेट फिल्म कालांतराने पिवळ्या पडून चिकट झाल्या, आणि चांगल्या राहिलेल्या बऱ्याचशा फिल्म लेपातली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. म्हणून जुनी फिल्म दुर्मीळ, आणि ॲसिटेटचीही व्हिनेगरसारखा वास सोडत कुजण्याची खोड पाहता तिला थंड कोठारात जपावे लागते.

आपल्याकडेही कागदी पाकिटातली फिल्म खिडकीशी किंवा ट्यूबलाइटपुढे धरून, काही कळत नसतानाही गंभीरपणे पाहण्याची पद्धत घराघरांत होती. त्या फिल्मवर एखादा न कळणारा पांढरा ठिपका असे. कित्येकदा तो रोग्याचा नसून कॅसेटीतल्या पडद्यावर बसलेल्या धुळीचा असे, आणि त्या कॅसेटीतून निघालेल्या प्रत्येक माणसाच्या छातीत तो तसाच उमटे. म्हणूनच पडद्यावर क्रमांक घालण्याची रीत आली. तो फिल्मच्या कोपऱ्यात उमटला की कोणत्या पेटीत धूळ आहे ते समजे.

त्यामुळे माझी संग्रहालयांकडे एकच मागणी आहे: कॅसेट बंद ठेवून मांडू नये. ती उघडावी, तिचे डाग पडलेले पडदे दिसू द्यावेत, आणि शक्य असेल तर तोच क्रमांक उमटलेली एखादी फिल्म शेजारी लावावी.