ब्लू माउंटन्स : घाट आलाच नाही की हो!

सिडनीला ताईकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी ती म्हणाली चल, डोंगर दाखवते. सेंट्रल स्टेशनवरून ब्लू माउंटन्समधल्या कटूंबा गावाची ट्रेन पकडली, दोन तासांचा रस्ता. मी पुणेकर, त्यामुळे खिडकीला नाक लावून वाट बघतोय की आता घाट येईल, मग कर्जतसारखं मागून इंजिन लावतील, वडेवाले येतील... कसलं काय. गाडी आपली निवांत चढत होती, बाहेर घरं, शाळा, अंगणातली वाळत घातलेली कपडे आणि बघता बघता कटूंबा आलं पण. समुद्रसपाटीपासून हजार मीटर!

एको पॉइंटला पोचलो तर धुकं. समोर म्हणे थ्री सिस्टर्स नावाचे तीन सुळके आहेत, समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर उंची. आम्हाला रेलिंग दिसलं. "आहेत रे तिथे," ताई म्हणाली, जणू तिनेच ठेवलेत.

तासाभराने धुकं फाटलं आणि सुळक्यांपेक्षा मला खाली बघूनच गरगरलं. इतका वेळ आपण डोंगर चढतोय असं वाटत होतं, पण हा डोंगरच नाही! सपाट वाळूच्या दगडाचं पठार आहे आणि नद्यांनी ते पोखरून खाली दऱ्या केल्यात. खालचे कोळशाचे आणि शेलचे (चिखल घट्ट होऊन झालेल्या ठिसूळ दगडाचे) थर मऊ, ते आधी झिजतात, मग वरच्या दगडाला आधार राहत नाही आणि तो उभा तुटून पडतो. म्हणून सगळीकडे ताशीव कडे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळा, इथे कडा पिवळा-केशरी.

आता गंमत ऐका. 1788 ला इंग्रज सिडनीत उतरले आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांना हे पठार काही ओलांडता येईना. नदीच्या काठाने दरीत शिरायचं, आणि शेवटी समोर कडा! 1813 च्या मे महिन्यात ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ हे तिघे, चार नोकर, चार घोडे आणि पाच कुत्रे घेऊन निघाले ते दरी सोडून धारेवरून, म्हणजे दोन दऱ्यांमधल्या उंच कण्यावरून. झाडी तोडत तोडत तीन आठवड्यांत पलीकडची कुरणं दिसली. पुढच्या वर्षी विल्यम कॉक्सने 30 कैद्यांना कामाला लावून सहा महिन्यांत 160 किलोमीटरचा रस्ता काढला, कैद्यांना बदल्यात सुटका. आजचा हायवे आणि आमची ट्रेन बऱ्याच अंशी त्याच धारेवरून जाते, म्हणून तर घाट लागला नाही. बाकी इथले मूळ रहिवासी दारुग आणि गुंडुंगुरा लोक इथून हजारो वर्षं ये-जा करत होते, पण "पार केलं" म्हणून पुतळे तिघांचेच, असो.

नऊशेच्या वर पायऱ्या उतरून खाली गेलो (कोण म्हणालं उतरणं सोपं असतं? दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांना विचारा). खाली ओलसर जंगल, माणसापेक्षा उंच फर्न, निलगिरीचा वास, अगदी विक्सची डबी उघडल्यासारखा. वर यायला सीनिक रेल्वे आहे, 52 अंशांचा चढ, मूळची कोळशाच्या खाणीची. तिकीट महाग वाटलं पण गुडघ्यांनी लगेच होकार दिला.

आणि घाट? तो पलीकडच्या बाजूला निघाला, लिथगो गावापाशी! पठारावरून उतरायला रेल्वे इंजिनिअर जॉन व्हिटनने 1869 मध्ये झिगझॅग रेल्वे बांधली. गाडी एका उतारावरून खाली येते, थांबते, सांधा बदलतो, मग उलटी पुढच्या उतारावर. हे ऐकून मी ताईला म्हटलं अगं हे तर आपल्या खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन! बोरघाटातलं 1863 चं, म्हणजे यांच्या सहा वर्षं आधीचं. आपलं 1929 ला बंद पडलं, यांचं 1910 मध्येच दहा बोगद्यांचा नवा मार्ग काढून बाजूला टाकलं, पण यांनी नंतर हौसेखातर त्यावर पुन्हा गाडी सुरू केली. आम्हीही तीत बसलो, आणि खालच्या सांध्यापाशी गाडी थांबली तेव्हा डब्यातली सगळी मंडळी फोटो काढत होती, मी मात्र सवयीने चिक्कीवाला शोधत होतो.