डोक्यावरचे पाणी

दुपारी औषधांच्या दुकानात गर्दी नसते. माझ्या गोळ्या आतून शोधून आणेपर्यंत मी समोरची शाम्पूची बाटली सहज हातात घेतली. दर्शनी बाजूला शिकेकाईच्या शेंगा, आवळे आणि एक लांबसडक वेणी होती. मागच्या बारीक अक्षरांत पहिले नाव पाण्याचे, दुसरे फेस आणणाऱ्या सोडियम लॉरेथ सल्फेटचे, आणि पुष्कळ खाली उतरून गेल्यावर, सुगंधाच्याही नंतर, शिकेकाईचा अर्क. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे मांडवाच्या दारात जिचे तोंड भरून स्वागत झाले, तिला पंगतीत कोणत्या टोकाला बसवले आहे, ते लगेच समजते.

या बाटल्यांना विटून हल्ली पुष्कळ जणी स्वयंपाकघराकडे वळल्या आहेत. माझी एक भाची खाण्याच्या सोड्याने डोके धुते आणि मग व्हिनेगरच्या पाण्याने केस खळबळते. मला तो उपाय पटत नाही. पीएच हा आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट; सोड्याच्या पाण्याचा तो आठाच्या वर आणि डोक्याच्या त्वचेचा साडेपाचाच्या आसपास, म्हणजे आधी बिघडवायचे आणि मग आंबटाने सावरत बसायचे. शिकेकाईचे पाणी मुळातच किंचित आंबट असते, त्यामुळे हा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. दह्याबद्दल मी काही बोलत नाही. दिवसभर मानेभोवती ताकाचा वास ज्यांना चालतो, त्यांनी ते खुशाल लावावे. जास्वंदीची पाने पाण्यात कोळून निघणारा बुळबुळीत गर मात्र मला मनापासून आवडतो, आणि खोबरेलाच्या विरोधात मी एक शब्द ऐकून घेत नाही. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज एकट्या खोबरेलाने कमी केलेली आढळली. त्यातले लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचे असल्याने केसाच्या आत शिरते. आमच्या घरी हे कोणाला ठाऊक नव्हते, तरी बाटली कधी रिकामी राहिली नाही.

राहता राहिला शिकेकाईच्या स्वस्ताईचा मुद्दा. तो मला कधीच फारसा खरा वाटला नाही. तमिळनाडूतल्या कडलूरला 1983 साली सुरू झालेल्या चिक शाम्पूसारख्या पुड्या खेड्यापाड्यांतल्या टपऱ्यांवर लोंबू लागल्या आणि रुपयाभरात डोके धुऊन होऊ लागले, तेव्हाच पैशांचा हिशेब मिटला होता. शिकेकाईला पैसे थोडे लागत, पण सोपस्कार फार. काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा आणि रिठे आणायचे, रिठे फोडून आतली काळी टणक बी काढून टाकायची, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा, मेथ्या आणि घरात जपून वाळवलेल्या संत्र्याच्या साली त्यांत मिसळायच्या, सगळे कडकडीत उन्हात टाकायचे आणि मग गिरणीवाल्याची मनधरणी करायची. तो शिकेकाई सगळ्यांत शेवटी, दुपारी गिरणी बंद करण्याच्या वेळेला दळत असे आणि नाकातोंडाला उपरणे गुंडाळून आमच्याकडे असा पाही, की जणू आम्ही त्याच्यावर सूड उगवायला आलो आहोत. सॅपोनिन नावाचे जे द्रव्य पाण्यात फेस करून तेलकटपणा सोडवते, तेच कोरड्या भुकटीतून नाकात गेले की शिंकांची माळ लावते. घरी परत येईपर्यंत आम्ही शिंकत असू.

न्हायच्या आदल्या रात्री ही भुकटी लोखंडी कढईत भिजत घालत. सकाळपर्यंत आवळ्यातले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य आणि कढईचे लोह यांच्या संगतीने पाणी काळेभोर होई. जुन्या काळी शाई अशाच मेळातून होत असे, त्यामुळे पंचावर पडलेले डाग कधीच निघत नसत. मग ते उकळायचे आणि फडक्यातून गाळायचे. कितीही गाळले तरी चोथ्याचे कण केसांत अडकत आणि शाळेत मागच्या बाकावरची मुलगी ते टिपून टिपून काढत बसे.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट कोणी मोजत नाही. शिकेकाईने एकटीला न्हाता येत नाही. डोळे घट्ट मिटून, मान खाली घालून, दोन्ही हातांनी केस चोळत असताना वरून पाणी ओतायला दुसरे कोणीतरी लागते. शाम्पूने सर्वांत मोठी सोय केली असेल तर ती हीच, की हे दुसरे माणूस नाहीसे झाले.

वाईच्या आमच्या घरात हे दुसरे माणूस म्हणजे आत्याआजी, वडिलांची आत्या. रविवारी सकाळी बंब पेटला, की न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून ती बसे आणि आम्ही बहिणी एकामागून एक तिच्यापुढे डोके वाकवत असू. तिचा हात खरखरीत होता. डोळे झोंबू लागून आम्ही ओरडलो, तर ती म्हणे, “डोळे मीट गं, तोंड नव्हे, तोंड तर तुझं कधीच मिटत नाही,” आणि तांब्याची धार नेमकी कपाळाच्या कडेने सोडी. केस पंचाने टिपून झाले की ती ते धुपाटण्यावर धरी, गुंता बोटांनीच सोडवी आणि एकेकीची लांबी वितीने मोजून आईला सांगे. कोणाचे केस किती वाढले, हे घरात तिच्याइतके कोणाला ठाऊक नसे.

ती विधवेच्या लाल आलवणात असे आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. आत्याआजीचा जन्म त्याच्या मागचापुढचा. तो ठराव आमच्या वाड्यापर्यंत पोहोचला नाही. बाराव्या वर्षी तिच्यावर वस्तरा फिरला, आणि त्यानंतर साठ वर्षे तिने दुसऱ्यांच्या केसांसाठी शिकेकाई कुटली, भिजवली आणि गाळली. तिच्या डोक्याला यातले काहीच लागत नव्हते. आईने हे मला सांगितले तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या न्हाणीघरात शाम्पूची बाटली आलेली होती.

तिचे प्रमाण आईच्या सांगण्यावरून मला साधारण जमले आहे. रिठे मात्र मी तिच्यापेक्षा कमी घालते, कारण पाणी माझे मलाच ओतून घ्यावे लागते आणि डोळे फार वेळ मिटून धरता येत नाहीत.