हेवी लायसन्स मिळालं, आता काम?

आज ट्रकच्या लोडिंगच्या रांगेत एक मुलगी भेटली, ड्रायव्हरच्या नोकरीसाठी ट्रायल द्यायला आलेली. हेवी लायसन्स, म्हणजे ट्रकसारख्या जड गाड्यांचं, नवंकोरं. "ताई, लोकल, शहरातल्या शहरातलंच काम हवंय, रात्री घरी यायचंय. पण जो तो अनुभव मागतो."

म्हटलं, लोकल म्हणजे सोपं, हे डोक्यातून काढ. लांब पल्ल्याला दिवसात एक-दोनदा रिव्हर्स घ्यायचा, इथे दहादा, तोही अरुंद जागेत. (बघे हमखास जमतात, बाई स्टिअरिंगवर दिसली की जरा जास्तच!) तेव्हा रिव्हर्स घोटून घे. ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूचं आरशातही सगळं दिसत नाही. शंका आली की हँडब्रेक लाव, उतर, मागे जाऊन बघ. लाज कसली? मी अजूनही उतरते.

अनुभवासाठी बदलीचं काम, रात्रपाळी, यार्डातच गाड्या हलवणं, मिळेल ते घे. पण आधी विचार: माल कोण उतरवणार? खोळंबलं तर त्या वेळेचे पैसे? स्वच्छतागृह? हे शेवटचं मी पहिल्या नोकरीत विचारलंच नव्हतं. दिवसभर पाणी न पिता गाडी हाकायचे.

तेवढ्यात तिला हाक आली. तिसऱ्या प्रयत्नात गाडी डॉकला, माल चढवायच्या धक्क्याला, लागली. मध्ये एकदा उतरून बघितलं तिने.