दोनदा छापलेले एक नाव

सोमवार, रात्री साडेदहा

आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहाचा पहिला दिवस आज पार पडला. अमेरिकेच्या परराष्ट्र आणि शिक्षण खात्यांनी मिळून २००० साली सुरू केलेला हा उपक्रम पुढे इतर अनेक देशांतल्या विद्यापीठांनीही आपलासा केला, आणि आमच्याकडेही नोव्हेंबर उजाडला, की परदेशी विद्यार्थी कक्षातील आम्हा तिघांची झोप कमी होऊ लागते. व्याख्याने, शिष्यवृत्त्यांची माहिती, छायाचित्रांचे प्रदर्शन आणि शुक्रवारचा समारंभ हा साचा इतका ठरून गेला आहे, की गेल्या वर्षीच्या पत्रकातील तारखा बदलल्या तरी काम भागते. (यंदा तेवढेच केले, हे इथे कबूल करायला हरकत नाही.)

सकाळी मात्र एक घोटाळा झाला. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात ध्वज लावण्याचे काम मी काल संध्याकाळी घाईघाईने उरकले होते. पोलंडच्या ध्वजात पांढरा पट्टा वर आणि लाल खाली, तर इंडोनेशियाच्या ध्वजात लाल वर आणि पांढरा खाली असतो. मी दोन्ही ध्वज लाल पट्टा वर ठेवूनच लावले होते. नऊच्या सुमारास इंडोनेशियाहून आलेला एक विद्यार्थी माझ्या टेबलाशी येऊन बराच वेळ नुसताच उभा राहिला, आणि मग अतिशय संकोचून म्हणाला, ''आमचा ध्वज दोनदा लागला आहे. मला त्याचा आनंदच आहे, पण पोलंडची ती मुलगी यायच्या आत त्यांतला एक उलटा करून घेऊ या का?'' मी स्टुलावर चढले, त्याने स्टूल धरून ठेवले आणि दोन मिनिटांत काम झाले. ती मुलगी साडेनऊला आली, स्वतःच्या ध्वजासमोर उभी राहून तिने छायाचित्र काढून घेतले आणि वर्गाला गेली. दिवसभरात तीन भाषणे झाली, पण मनात राहिले ते हे स्टूल.

मंगळवार

शिष्यवृत्त्यांवरचे व्याख्यान लांबले. नंतरच्या प्रश्नोत्तरांत नेहमीप्रमाणे आमच्याच विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: एक सत्र परदेशात शिकून आलो, तर इथले वर्ष वाया जाणार नाही ना?

या प्रश्नाला लोक हसतात, पण सगळा व्यवहार या प्रश्नावरच अडतो. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आज ती योजना लाखोंच्या घरात पोचली आहे, आणि तिच्या गौरवाच्या भाषणांत मैत्री, शांतता, सहजीवन हे शब्द हमखास येतात. पण मला वाटते, की १९८९ पासून रुळवत नेलेल्या श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिट्सच्या, समान मापाला त्या यशाचे बरेचसे श्रेय द्यायला हवे. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक हे एकदा मान्य झाले, की एका विद्यापीठात घेतलेला विषय दुसऱ्याच्या हिशेबात बसवता येतो आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाचते. श्रेयांकांचा तक्ता कुणी मंचावर मांडत नाही, त्याला हारही घालत नाही. आमच्या कपाटात परदेशी विद्यापीठांशी केलेल्या सामंजस्य करारांच्या देखण्या फायली आहेत. त्यांतल्या निम्म्या करारांखाली आजवर एकही विद्यार्थी गेलेला नाही, कारण विषयाला विषय जुळवण्याचे कंटाळवाणे काम कुठल्याच विभागाने अंगावर घेतले नाही.

बुधवार

प्रदर्शनासाठी छायाचित्रे निवडण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांत मी हट्टाने एक जुने छायाचित्र घेतले. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका स्वागतसमारंभाच्या वेळी काढलेले ते छायाचित्र आता बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या प्रदेशाच्या पोशाखातील सीरियाच्या सबात इस्लामबूली. पुढे तिघी अनुक्रमे १८८६, १८८९ आणि १८९० साली डॉक्टर झाल्या.

हे छायाचित्र मी आजवर कौतुकानेच पाहत आले होते. आज ते फळ्यावर टाचण्यांनी लावताना पहिल्यांदा जाणवले, की हेही एका समारंभाचेच छायाचित्र आहे. पाहुण्यांनी आपापल्या देशाचा पोशाख करून यावे, ओळीने बसावे आणि यजमानांनी पाहावे, हा आमच्या शुक्रवारचा साचा तेव्हाही होता. त्या तिघींचे खरे दिवस छायाचित्राबाहेर, शरीररचनेच्या वर्गात आणि परक्या भाषेतील जाड ग्रंथांपुढे गेले असणार. आनंदीबाईंनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्रावर होता. म्हणजे घेता घेता त्या काही देतही होत्या, आणि ते देणे साडीच्या काठापदराइतके नजरेत भरणारे नव्हते. ते मिळवायला यजमानांना प्रबंध वाचावा लागला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अमेरिकेत ज्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले, त्या कार्पेंटरबाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. देवाणघेवाण हा शब्द आम्ही पत्रकावर मोठ्या टाइपात छापतो, पण त्यातली देवाण सारी पाहुण्यांकडून व्हावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, एवढीच आमची तयारी असते.

आणखी एक गोष्ट. फळ्याखालची चिठ्ठी लिहिताना सीरियाच्या विद्यार्थिनीचे नाव तपासले, तर ते काही ठिकाणी सबात आणि काही ठिकाणी तबात असे सापडले. अरबी अक्षरे रोमन लिपीत उतरवताना कुठेतरी गफलत झाली असावी आणि ती छायाचित्राबरोबर फिरत राहिली. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी एका डॉक्टरबाईंचे पहिले अक्षर अजून जागेवर बसलेले नाही.

गुरुवार

दिवसभर प्रमाणपत्रांची छपाई, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक. लिहिण्यासारखे काही नाही. रात्री अंग दुखत आहे.

शुक्रवार, मध्यरात्रीनंतर

समारंभ छान झाला, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचे वाचून तो बिघडला असे वाटेल. सभागृह भरले होते, नृत्ये झाली, गाणी झाली, कुलगुरू शेवटपर्यंत बसले. प्रमाणपत्रे देताना नावे पुकारण्याचे काम माझे होते. उच्चार चुकू नयेत म्हणून मी आठवडाभर एकेका विद्यार्थ्याला गाठून त्याचे नाव त्याच्या तोंडून ऐकले होते आणि माझ्या यादीत देवनागरीत लिहून घेतले होते. चिनी विद्यार्थ्यांची आडनावे आधी येतात, हेही ध्यानात ठेवले होते. तरी चूक व्हायची ती झालीच, आणि ती उच्चारातली नव्हती.

सोमवारी माझे स्टूल धरणारा तो इंडोनेशियाचा विद्यार्थी मंचावर आला. मी माझ्या यादीतून त्याचे नाव बरोबर पुकारले, त्याने प्रमाणपत्र हातात घेतले, त्यावर नजर टाकली आणि त्याला हसू आवरेना. कार्यक्रमानंतर त्याने ते मला दाखवले. त्याचे नाव दोनदा छापले होते, एकापुढे एक. इंडोनेशियात, विशेषतः जावा बेटावर, अनेकांना एकच नाव असते. आडनाव हा प्रकारच नसतो. आमच्या प्रवेश अर्जात आडनावाच्या चौकटीला लाल तारांकन आहे आणि ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे त्याने दोन्ही चौकटींत तेच नाव भरले होते, तेच ओळखपत्रावर गेले, ग्रंथालयाच्या कार्डावर गेले आणि आज सोनेरी किनारीच्या कागदावर उमटले. ''सोमवारी ध्वज दोनदा आणि आज मी दोनदा,'' तो म्हणाला. ''इथे मला सगळे दुप्पटच मिळते.''

मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकले नाही. त्याने हे पहिल्याच दिवशी का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, की आल्या आल्या तक्रार करणे बरे दिसले नसते. आणि मी त्याचा उच्चार टिपून घेण्यासाठी त्याच्यासमोर पाच मिनिटे बसले होते, तेव्हा त्याने एकच नाव सांगितले आणि मी एकच लिहून घेतले. छापायला गेलेली यादी मात्र संगणकातली होती.

मध्ययुगात इटलीतील बोलोन्या शहरात परगावाहून आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना शहरात नागरिकांचे हक्क नव्हते, म्हणून त्यांनी आपापल्या प्रदेशांनुसार संघ बांधले आणि या संघटनेलाच 'युनिव्हर्सितास' म्हणत. तिथे जन्मलेल्या विद्यार्थ्यांना त्यात स्थान नव्हते. आज ज्या शब्दाने आपण सबंध संस्था ओळखतो, तो त्या गावी परक्यांनी स्वतःच्या बचावासाठी केलेल्या जुटीचा शब्द होता. आणि आम्ही त्याच परक्यांना संस्थेच्या पत्रकात पाहुणे म्हणतो, अर्जात मात्र आडनाव मागून अडवतो.

दुसरी बोच वेळेची आहे. स्वेरे लिसगार या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक तिथे बरे रुळलेले दिसले, मधल्या काळातले सर्वांत कमी, असे त्याला आढळले. पुढच्या संशोधकांनी आधी वर, मग खाली आणि पुन्हा वर जाणाऱ्या या वक्ररेषेवर आक्षेप घेतले आणि ती सर्वांना लागू होत नाही हे दाखवले, ते रास्तच आहे. पण कक्षातील माझी सहा वर्षे मात्र लिसगारच्या बाजूने साक्ष देतात. सप्टेंबरमध्ये आलेली मुले नोव्हेंबरात अजून नवलाईत असतात, नाचायला हौसेने तयार होतात. दारावर हलकेच टकटक करून 'थोडा वेळ बसू का?' असे विचारणारी मुले मला फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटतात. तेव्हा ध्वज गुंडाळून पेटीत गेलेले असतात आणि आमच्या दिनदर्शिकेत त्या दोन महिन्यांसाठी एक ओळही नसते. गेल्या मार्चमध्ये आलेली एक विद्यार्थिनी तासभर काहीच बोलली नव्हती. जाताना खिडकीतल्या रोपाला पाणी घालून गेली, आणि नंतर दर गुरुवारी त्यासाठीच येत राहिली.

शनिवार

सुट्टी असूनही संगणक विभागाला पत्र पाठवले: आडनावाच्या चौकटीवरचे तारांकन काढावे. तासाभरात उत्तर आले, की चौकट रिकामी ठेवता येणार नाही, फार तर तिथे आडवी रेघ घालता येईल. त्या विद्यार्थ्याला फोन करून रेघ चालेल का, असे विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, की रेघेपेक्षा दोनदा नाव बरे.

सोमवारी संगणक विभागात स्वतः जायचे आहे. त्याआधी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यासाठी छोट्या सभागृहाचा अर्ज भरायला घेतला. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' अशी चौकट आहे, तिच्यावरही लाल तारांकन आहे, आणि तिथे काय लिहावे हे मला अजून सुचलेले नाही.